दोन कागदांचा धक्का

६ मार्च २०१५. आपल्याकडे धुळवड होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास, लोक रंग धुऊन चहा घेत असताना, नासाचं 'डॉन' यान मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या सेरेस या बटुग्रहाच्या (ग्रहासारखा गोल, पण फार छोटा) कक्षेत शिरलं. एखाद्या बटुग्रहाभोवती यान फिरायला लागण्याची ही पहिलीच वेळ. पण ना घोषणा, ना टाळ्या. बातमी पृथ्वीवर पोचली तीही तासाभराने.

मंगळयान आठवा. वीसेक मिनिटं इंजिन पेटवायचं, ते पेटलं नाही तर संपलंच. म्हणून यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आग आणि धडधड येते. डॉनकडे यातलं काही नव्हतं. त्याच्या आयन इंजिनाचा जोर पूर्ण क्षमतेला किती? तळहातावर ए-४ आकाराचे दोन कागद ठेवले तर जेवढा भार वाटेल, तेवढा!

मला या इंजिनाचं भारी अप्रूप आहे. झेनॉन हा जड, कुणाशी सहसा संयोग न पावणारा वायू. त्याच्या अणूंवर इलेक्ट्रॉन आदळवून त्यांचा एकेक इलेक्ट्रॉन उडवायचा. उरलेले धन आयन हजारभर व्होल्टच्या जाळीतून बाहेर फेकायचे, सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने. रासायनिक इंधनाचा झोत याच्या जवळपासही जात नाही. आता गुणाकार करा. सेकंदाला ३ मिलिग्रॅम वायू गुणिले ३०,००० मीटर, म्हणजे ०.०९ न्यूटन. हेच आपले दोन कागद.

मग झोताचा वेग आणखी का नाही वाढवायचा? कारण जोर वेगाच्या पटीत वाढतो, पण लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गात. वरच्याच आकड्यांत निव्वळ झोताला १३५० वॅट लागतात. डॉनचे सौर पंख पृथ्वीपाशी १० किलोवॉट वीज देत. सेरेसपाशी ऊन त्याच्या जेमतेम एक अष्टमांश, म्हणजे घरातला गीझरही धड चालणार नाही इतकी वीज. तिथे तर दोन कागदांचाही जोर मिळत नव्हता.

शून्यापासून ताशी ९६ किलोमीटरवर यायला चार दिवस लागतील असं हे इंजिन. पण २००७ ते २०१८ या काळात ते एकूण सहाएक वर्षं चाललं, आणि सव्वाचारशे किलो झेनॉनच्या साठ्यावर ताशी ४१ हजार किलोमीटरइतका वेगबदल करून गेलं. म्हणूनच आधी व्हेस्टा या लघुग्रहाभोवती चौदा महिने फिरून, तिथून निघून, सेरेसला जाणं जमलं.

सेरेसच्या ऑकेटर विवरातले पांढरे ठिपके दिसले तेव्हा 'परग्रहवासीयांचे दिवे' म्हणून फोनवर बरेच निरोप फिरले. निघाला सोडियम कार्बोनेट, आपल्या धुण्याच्या सोड्याचा भाऊबंद! खालून वर आलेलं खारं पाणी उडून गेलं आणि हा क्षार मागे राहिला. मला तर हे दिव्यांपेक्षा जास्त रोमांचक वाटतं, पण असे निरोप कोण पुढे पाठवणार?

शेवटी यानाला दगा इंजिनाने दिला नाही. दिशा सांभाळणारी चाकं एकेक करून बिघडली, मग त्या कामासाठीचं हायड्राझीन हे इंधनही ऑक्टोबर २०१८ अखेर संपलं. पृथ्वीकडे अँटेना वळवता येईना. आज ते मुकं होऊन सेरेसभोवती फिरतंय. निदान वीस वर्षं तरी ते खाली पडू नये, अशीच कक्षा मुद्दाम निवडली होती. यानावरून गेलेले आपले जंतू सेरेसच्या पोटातल्या त्या खाऱ्या पाण्यात जायला नकोत.