आठ वर्षं लागलेलं पुस्तक

१९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी इस्रायलमध्ये एक गट जमवला. शाळांसाठी पाठ्यपुस्तक लिहायचं होतं आणि त्याचा विषय होता, निर्णय कसे घ्यावेत! वर्षभर काम झकास चाललं. मग एके दिवशी कानेमाननी प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, पुस्तक पुरं व्हायला अजून किती काळ लागेल? उत्तरं आली दीड ते अडीच वर्षं.

गटात अभ्यासक्रम रचणारे एक जाणकार होते. कानेमाननी त्यांना विचारलं, असे दुसरे गट तुम्ही पाहिलेत, त्यांना किती लागली? गृहस्थ जरा गप्प झाले. मग म्हणाले, सुमारे ४० टक्के गटांचं काम तडीसच गेलं नाही. ज्यांचं गेलं, त्यांना ७ ते १० वर्षं लागली. आणि त्यांच्या तुलनेत आपला गट? थोडा डावाच.

हे सगळं ठाऊक असून काही मिनिटांपूर्वी त्यांनीही चिठ्ठीवर इतरांसारखाच आकडा लिहिला होता! आकडे ऐकूनही काम थांबलं नाही, कारण वर्षभराची मेहनत सोडवेना. पुस्तक ८ वर्षांनी झालं आणि वापरात कधी आलंच नाही.

म्हणजे नुसतं माहीत असून भागत नाही. आपला बेत आपल्याला आतून, बारकाव्यांसकट दिसतो. आजारपण, भांडणं, रखडलेल्या परवानग्या त्यात नसतात. म्हणून आधी परक्याचा प्रश्न विचारावा, अशी कामं करणाऱ्या इतरांचं काय झालं? त्या उत्तरापासून सुरुवात करून मग आपलं वेगळेपण मोजावं. उलट क्रमाने केलं की आपल्याच आकड्याची बाजू घेतली जाते.

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची युक्ती मला याहून आवडते. निर्णय पक्का करण्याआधी धरून चालायचं की वर्ष उलटलंय आणि सगळं पार फसलंय. का फसलं, ते ज्याने त्याने लिहायचं. एरवी शंका काढणारा अपशकुनी ठरतो, इथे तेच त्याचं काम असतं.

आपले अंदाजही लिहून ठेवायचे ते अशासाठी की आठवण फितूर होते. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा संशोधक बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी विद्यार्थ्यांकडून काय काय घडेल याचे अंदाज लिहून घेतले. दौरे संपल्यावर तेच अंदाज आठवायला सांगितले, तर जे घडलं त्याची शक्यता आपण जास्तच धरली होती, असं बहुतेकांना वाटलं. माझ्या अंदाजांच्या वहीतली जुनी पानं वाचताना मीही ओशाळतो. तारीख घातलेली असते, त्यामुळे सारवासारव करता येत नाही.