जांभळा रंग फक्त रोमन सम्राटाचाच?

‘प्राचीन रोममध्ये सम्राटाखेरीज कुणी जांभळं नेसलं की मृत्युदंड’ असं सर्रास सांगितलं जातं. अर्धवट खरं आहे. सिनेटरांच्या अंगरख्यावर रुंद जांभळा पट्टा असेच, आणि गुलाम नसलेल्या घरांतल्या मुलांच्या टोग्यालाही (अंगावर गुंडाळायचं रोमन वस्त्र) जांभळा काठ असायचा. बंधनं आली ती हळूहळू, मुख्यतः अस्सल टायरियन रंगावर (टायर शहराच्या नावाचा, समुद्री गोगलगायींपासून काढलेला जांभळा) आणि नखशिखांत जांभळ्या पोशाखावर. सम्राट नीरोने हा रंग वापरायला बंदी घातली होती. पण बंदी घालावी लागली, म्हणजे लोक वापरत होते!

इ.स. 301 च्या, सम्राट डायोक्लेशियनच्या दरपत्रकात जांभळ्या रेशमाचा कमाल भाव आहे: पौंडाला 1,50,000 दिनार, सोन्याच्या दुपटीहून जास्त. विकायचंच नसेल तर भाव कशाला ठरवायचा?

महागाईचं मूळ समुद्री गोगलगायींत. 1909 मध्ये 12,000 गोगलगायींतून एका रसायनशास्त्रज्ञाला जेमतेम 1.4 ग्रॅम रंग मिळाला.

आणि हो, रंग आपल्या जांभळासारखा नव्हे. रोमन लेखक प्लिनीच्या मते उत्तम कापड साकळलेल्या रक्तासारखं, वरवर काळपट, उजेडात धरलं की झळाळणारं.