वायुवीजन डक्ट, घरगुती : बसवणी आणि इन्सुलेशन

घराबाहेरची ताजी हवा खोल्यांपर्यंत आणणाऱ्या आणि आतली वापरलेली, दमट हवा बाहेर सोडणाऱ्या बंद नळ्यांची रचना. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये 'डक्ट' म्हटले की बाथरूममागची पाइपांची उभी पोकळी डोळ्यांपुढे येते. तो अर्थ इथे अभिप्रेत नाही. इथे डक्ट म्हणजे पत्र्याची, प्लास्टिकची किंवा लवचीक फॉइलची हवा वाहून नेणारी नळी.

अशा नळ्यांची गरज मुख्यतः थंड देशांत पडली. १९७३च्या तेलसंकटानंतर तिथली घरे उष्णता वाचवण्यासाठी जास्तीत जास्त हवाबंद होऊ लागली. फटींतून येणारी हवा थांबली, तशी आंघोळीची वाफ, स्वयंपाकाचा वास आणि माणसांच्या श्वासातला ओलावाही आतच अडकला. कॅनडातील रिजायना शहरात १९७७ साली बांधलेल्या 'सस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाउस'मध्ये यावर उत्तर म्हणून उष्णता विनिमयक बसवला होता. बाहेर जाणारी उबदार हवा आणि आत येणारी गार हवा त्यात एकमेकींत न मिसळता शेजारून जातात आणि उष्णता एकीकडून दुसरीकडे जाते. याच जातीचे यंत्र आज एचआरव्ही (हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर) या नावाने ओळखले जाते. बाहेर उणे २० आणि घरात २१ अंश सेल्सिअस असताना ७५ टक्के कार्यक्षमतेचे यंत्र आत येणारी हवा सुमारे ११ अंशांपर्यंत आणून देते, तेही हीटर न लावता.

घरमालक पैसे मोजतो तो यंत्राचे, आणि डक्टचे काम उरल्यासुरल्या वेळेत उरकले जाते. खरे तर यंत्र कितीही चांगले असले तरी ते वाया घालवण्याची ताकद डक्टमध्ये आहे. व्यासाचेच उदाहरण घ्या. अमेरिकेतील अ‍ॅश्रे (वातानुकूलन अभियंत्यांची संस्था) ६२.२ या घरगुती वायुवीजनाच्या मानकाचे सूत्र दर चौरस मीटरला सेकंदाला ०.१५ लिटर, शिवाय झोपण्याच्या खोल्यांच्या संख्येत एक मिळवून प्रत्येकी ३.५ लिटर असे आहे. १५० चौरस मीटरच्या, तीन बेडरूमच्या घराला त्याप्रमाणे सेकंदाला सुमारे ३६ लिटर हवा लागते. १५० मिमी. व्यासाच्या मुख्य डक्टमधून ती सेकंदाला दोन मीटर वेगाने शांतपणे जाते. तीच १०० मिमी.च्या नळीत कोंबली तर वेग साडेचार मीटरच्या वर जातो, घर्षणाचा अडथळा सातपटीहून अधिक होतो आणि रात्री बेडरूमच्या जाळीतून शीळ ऐकू येते. मग घरचे लोक यंत्रच बंद करून झोपतात.

मार्ग आखताना सरळ आणि आखूड हे दोनच शब्द ध्यानात ठेवावेत. मुख्य ओळ जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याची असावी. लवचीक डक्ट फक्त शेवटच्या हातभर जोडणीला वापरावा आणि तोही ताणून बसवावा, कारण दबलेल्या नळीच्या वळ्यांमध्ये हवा अडखळते. त्याला दर सव्वा-दीड मीटरवर रुंद पट्टीचा आधार द्यावा. बारीक तार बांधली तर ती डक्टला कंबरपट्ट्यासारखी आवळते.

सांध्यांवर मॅस्टिक (फटी बुजवणारा घट्ट लेप) हाताने चोपडावे किंवा चांगली फॉइल टेप दाबून बसवावी. बाजारात 'डक्ट टेप' म्हणून मिळणारी रबरी गोंदाची कापडी टेप नेमकी डक्टच्या सांध्यांसाठीच कुचकामी ठरते. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९०च्या दशकाच्या अखेरीस उष्णतेत ठेवून घेतलेल्या चाचण्यांत ती सुटून आली. स्वयंपाकघरातील चिमणीचा डक्ट या जाळ्याला कधीही जोडू नये. टोरांटोतल्या मराठी घरातली मोहरी-हिंगाची फोडणी असो वा आणखी कुठली, तेलाची वाफ विनिमयकात थर धरते आणि आगीचा धोका वाढवते. तिला स्वतंत्र पत्र्याचा डक्ट आणि थेट बाहेरची वाट हवी.

इन्सुलेशनच्या कामात सगळ्यांत जास्त चुका होतात. एचआरव्हीला चार डक्ट असतात. यंत्र उबदार तळघरात असेल तर खोल्यांकडून येणाऱ्या आणि खोल्यांकडे जाणाऱ्या दोन डक्टना आवरण लागत नाही. बाहेरच्या भिंतीला भिडणाऱ्या दोन्हींना मात्र लागते. बाहेर टाकायची हवा यंत्रात उष्णता देऊन आलेली असते, म्हणून तोही डक्ट थंडच असतो, हे अनेकदा विसरले जाते. २१ अंश आणि ४० टक्के आर्द्रता असलेल्या घरात दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे ७ अंशांवर येतो. त्याहून गार पत्रा उघडा राहिला की त्याला घाम फुटणारच.

नुसती ग्लासवूल (काचेच्या धाग्यांची लोकर) गुंडाळून हे थांबत नाही, कारण तिच्या धाग्यांमधून वाफ सहज आत शिरते आणि पत्र्याशी पोचून पाणी होते. म्हणून बाहेरून अखंड बाष्परोधक आवरण हवे आणि ते दोन्ही टोकांना टेपने बंद केलेले हवे. भिंतीशी बोटभर जागा उघडी राहिली तरी तेवढ्यातून वाफ आत शिरते. हिवाळ्यात छताच्या जाळीभोवती तपकिरी कडा उमटते, लोक छप्पर गळते समजून वर चढतात, आणि डक्टवरचे बाष्परोधक आवरण सोलले की आतली ग्लासवूल धुणे पिळल्यासारखी निथळते. ओली झालेली ग्लासवूल उष्णता अडवत नाही. ती वाळवत न बसता बदलावी.

डक्ट थंड माळ्यावरून गेला तर प्रश्न उलटतो. आता दमट हवा नळीच्या आत आहे आणि गारवा बाहेर. बाथरूमच्या पंख्याचा डक्ट तिथे जाड आवरणाने झाकावा आणि किंचित बाहेरच्या बाजूला उतरता ठेवावा, म्हणजे साचलेले पाणी पंख्यावर न टपकता बाहेर जाईल. त्याचे तोंड माळ्यातच सोडणे म्हणजे छपराचे लाकूड कुजवणे.

कोकणपट्टीत एचआरव्ही क्वचितच दिसतो, पण एसीच्या डक्टला हाच नियम लागू पडतो. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की दवबिंदू २६ अंशांवर जातो आणि डक्टमधली हवा असते १४ अंशांच्या आसपास. इथे बंद पेशींचे नायट्राइल रबर जास्त भरवशाचे, कारण वाफ अडवण्याचा गुण त्याच्या अंगातच असतो. मात्र शिवणीला गोंद नीट लावायला हवा आणि डक्ट टांगणाऱ्या हँगरच्या जागी रबर दबू नये म्हणून खाली कडक खोगीर द्यायला हवे. फॉल्स सीलिंगवरचे डाग बहुतेकदा या हँगरच्याच रेषेत पडलेले सापडतात.