कुटुंब नमुना पाहणी (भारतातील)

कुटुंब नमुना पाहणी : सगळ्या घरांची गणना न करता, संख्याशास्त्राच्या आधारे निवडलेल्या थोड्या घरांत जाऊन मजुरी, खर्च, आरोग्य, घरकामाची वाटणी यांची माहिती प्रश्नावलीत भरून घेण्याची पद्धत. येथे ‘कुटुंब’ रक्ताच्या नात्यावरून ठरत नाही, चुलीवरून ठरते. एकत्र राहून एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. वेगळी चूल मांडलेला सख्खा भाऊ दुसऱ्या कुटुंबात जातो. घरातच राहणारा-जेवणारा गडी मात्र मालकाच्या कुटुंबात मोजला जातो.

अशा चौकशीची मुळे पुणे-मुंबईत खोल आहेत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर केलेला अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक कुटुंबांचे केवळ शेतीवर भागत नाही, हे त्यातून दिसले. (तेच गाव आज संगणक क्षेत्रातल्या नोकरदारांचे उपनगर आहे.) मुंबई सरकारच्या श्रम कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या घरखर्चाची चौकशी केली. देशव्यापी राष्ट्रीय नमुना पाहणी संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० साली सुरू झाली.

तिच्या १९६०-६१च्या खर्चाच्या आकड्यांवर पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा अंदाज मांडला. निकष होता माणशी रोज २,२५० उष्मांक. मूळचे सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर हरकत घेतली. एकाच माणसाची गरज रोज बदलते, तेव्हा सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा म्हणायचा, हा त्यांचा मुद्दा होता. वाद बराच काळ चालला, आणि तो निव्वळ आकडेमोडीचा नव्हता.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती अवलंबून असते, याचा धडा राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२०००च्या फेरीने दिला. धान्य-भाजीचा खर्च त्याच घराला गेल्या ३० दिवसांचाही विचारला आणि गेल्या ७ दिवसांचाही. दोन्ही रकाने शेजारी आल्यावर उत्तरे एकमेकांशी जुळवून घेतली गेल्याचा संशय अभ्यासकांना आला आणि आधीच्या १९९३-९४च्या फेरीशी तुलना अवघड होऊन बसली. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन आदींना दारिद्र्याचे आकडे दुरुस्त करण्यासाठी बरीच खटपट करावी लागली. २०१७-१८च्या खर्च पाहणीचे निष्कर्ष तर सरकारने माहितीच्या दर्जाचे कारण देऊन प्रसिद्धच केले नाहीत.

मजुरीसाठी आज मुख्य आधार आहे तो २०१७ पासूनच्या नियतकालिक श्रमबल पाहणीचा. पगारदाराला गेल्या महिन्याचा पगार आणि रोजंदारीवाल्याला गेल्या आठवड्यातली रोजची मजुरी विचारतात. स्वतःचा धंदा करणाऱ्यांची कमाईही ही पाहणी नोंदवते; आधीच्या रोजगार पाहण्यांत ती नसे. भाजीवाल्याने आपले ३० दिवसांचे उत्पन्न नेमके सांगावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

खरी अडचण बाईच्या कामाशी येते. ‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला घरातल्या पुरुषाचे ‘ती घरीच असते’ हे उत्तर आले की ती घरकामाच्या ९२ किंवा ९३ या संकेतांकात, म्हणजे श्रमबलाबाहेर (काम करणारे व काम शोधणारे यांच्या बाहेर) जाण्याची शक्यता असते. तीच बाई घरच्या शेतात खुरपते किंवा धारा काढते असे नोंदले गेले, तर ती २१ व्या संकेतांकातली बिनपगारी मदतनीस होते आणि कामकऱ्यांत धरली जाते. श्रमबलातील (१५ वर्षांवरील) स्त्रियांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाले. वाढीचा मोठा वाटा ग्रामीण स्वयंरोजगाराचा आहे. त्यामुळे नवे काम किती आले आणि जुनेच काम किती नोंदले जाऊ लागले, हे वेगळे काढणे सोपे नाही.

वेळेच्या वापराची पाहणी याच कोड्याकडे दुसऱ्या बाजूने जाते. पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ असा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासांत मांडून घेतात. बिनपगारी घरकाम करणाऱ्यांपुरते पाहता, २०१९ मध्ये त्यात स्त्रियांचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटे भरला, पुरुषांचा ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले.

घरातले नाते आणि स्वास्थ्य यांसाठी १९९२-९३ पासूनची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी महत्त्वाची आहे. तिच्या पहिल्या पाच फेऱ्यांचे संयोजन मुंबईतील देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केले. २०१९-२१च्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबे होती. नवऱ्याच्या मारहाणीविषयीचे प्रश्न निवडलेल्या घरातल्या एकाच स्त्रीला, तेही एकांतात विचारतात. एकांत मिळाला नाही तर विचारत नाहीत.

पाहणीचा दुबळा भाग दारातच असतो. बीडकडची ऊसतोड टोळी कारखान्यावर गेली की घराला कुलूप, आणि शहरी सोसायटीचा रखवालदार अन्वेषकाला फाटकावरच अडवतो. श्रीमंत घरे नमुन्यात यावीत म्हणून २०२२-२३च्या खर्च पाहणीत शहरी घरांचे गट दारात मोटार आहे की नाही यावरून पाडले होते.