श्टुडियनकोलेग

परदेशात शालेय शिक्षण झालेल्या, परंतु ज्यांचे प्रमाणपत्र जर्मनीतील थेट विद्यापीठप्रवेशास अपुरे ठरते अशा तरुणांची भाषा व विषय या दोन्ही अंगांनी पूर्वतयारी करून घेणारी जर्मन संस्था. शिक्षणक्रम साधारणतः दोन सत्रांचा, आठवड्याला २८ ते ३२ तासिकांचा असतो. अखेरीस ‘फेस्टश्टेलुंग्सप्रूफुंग’ ही पात्रता परीक्षा होते. नापास झाल्यास ती एकदाच पुन्हा देता येते.

उगमाबाबत एकमत नाही. दोन महायुद्धांच्या दरम्यान बर्लिन विद्यापीठात परदेशीयांसाठी जर्मनचे वर्ग भरत, त्यांनाच काही जण मूळ मानतात. मात्र ते भाषावर्ग होते. गणित, विज्ञानादी विषयांची जोड त्यांना नव्हती. भाषा आणि विषय एकत्र शिकविण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतरची मानणे अधिक सयुक्तिक दिसते. पूर्व जर्मनीचा क्रम त्यातल्या त्यात स्पष्ट आहे. १९५१ मध्ये अकरा नायजेरियन विद्यार्थी लाइपझिगला आले. १९५६ मध्ये तेथील विद्यापीठात परदेशीयांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था निघाली आणि १९६१ मध्ये तिला जर्मन विचारवंत हेर्डर यांचे नाव मिळाले. पश्चिम जर्मनीत विद्यापीठांना जोडलेली कोलेगे साधारणपणे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून उभी राहिली असावीत. दोन्ही परंपरांनी एकमेकींकडून काही उचलले, असे ठामपणे म्हणता येत नाही. एकीकरणानंतर पूर्वेकडेही पश्चिमी धर्तीची कोलेगे आली; लाइपझिग, हाले व क्योथेन येथील त्यांतलीच. उलट नॉर्थ-ऱ्हाइन वेस्टफालिया या पश्चिमेकडील राज्याने २०१० च्या सुमारास आपली सरकारी कोलेगे बंद केली.

पुढील पदवीच्या विषयानुसार वर्ग ठरतो. टी-वर्गात अभियांत्रिकी व भौतिक विज्ञानांसाठी गणित, भौतिकी आणि रसायन किंवा संगणकशास्त्र असते. एम-वर्ग वैद्यक व जीवशास्त्रासाठी, डब्ल्यू-वर्ग अर्थशास्त्र व व्यवस्थापनासाठी, जी-वर्ग मानव्यविद्यांसाठी आणि एस-वर्ग भाषाविषयक अभ्यासक्रमांसाठी आहे. जर्मन मात्र प्रत्येक वर्गात असते.

प्रवेशचाचणीत जर्मन असतेच. टी, एम आणि डब्ल्यू वर्गांसाठी बहुधा गणितही. भाषेची किमान पातळी बहुतेक ठिकाणी बी-१ (ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांच्या युरोपीय मोजपट्टीवरील तिसरी) सांगितली जाते, पण जागा थोड्या असल्याने बी-२ नसलेल्यांचा निभाव क्वचितच लागतो. अनेक कोलेगे भाषेसाठी ‘सी-टेस्ट’ घेतात. राट्झ व क्लाइन-ब्रेली या संशोधकांनी १९८१ मध्ये ती मांडली. तीत चार-पाच छोटे उतारे असतात. पहिले वाक्य अखंड ठेवून दुसऱ्यापासून दर दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध गाळतात आणि शब्दाची अक्षरसंख्या विषम असेल तर मोठा भाग गाळतात. एका उताऱ्यात २० ते २५ रिकाम्या जागा आणि वेळ सुमारे पाच मिनिटे. खरी कसोटी लागते ती साध्या उपपदांवर. डेअर, डी, डास, डेन, डेम, डेस ही सहाही रूपे रोमन लिपीत तीन अक्षरांची. कागदावर पहिले अक्षर तेवढे उरते. नामाचे लिंग, वचन आणि विभक्ती तिन्ही ठाऊक असल्याशिवाय उरलेली दोन अक्षरे भरता येत नाहीत. म्हणून शब्दसंग्रह मोठा पण लिंग पाठ नाही, असा विद्यार्थी येथे हमखास गुण गमावतो. आधी उतारा सलग वाचावा, खात्रीच्या जागा भराव्यात आणि वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद पाहून मग उपपदांकडे वळावे.

वर्गात गेल्यावर विषयाची अडचण बहुतेकदा भाषेचीच निघते. १५ अंश तापमानाचे एक किलो पाणी तापविण्याचे उदाहरण घेऊ. जर्मनमध्ये तापमान ‘उम’ २० अंश वाढले, म्हणजे २० अंशांनी वाढले. ‘आउफ’ २० अंश वाढले, म्हणजे २० अंशांपर्यंत गेले. पहिल्या अर्थी सुमारे ८४ किलोज्यूल उष्णता लागते, दुसऱ्या अर्थी सुमारे २१. सूत्र अचूक, आकडेमोड अचूक, तरी उत्तर चौपट चुकते. दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब ही जर्मन रीतही सुरुवातीला घोटाळा करते: १.५०० म्हणजे दीड हजार. भाषा आणि विषय वेगवेगळ्या शिक्षकांकडे असले, तरी दोघांनी एकच प्रश्नपत्रिका समोर ठेवून शिकविले तर या चुका लवकर सुटतात. नुसते व्याकरण वाढवून त्या सुटत नाहीत.

परीक्षेतील जर्मनच्या भागात व्याख्यान ऐकून टिपणे काढणे, उताऱ्यावरील प्रश्न, शास्त्रीय लेखनातील वाक्यरचना आणि आलेख किंवा तक्त्यावरून लेखन येते. आलेखाच्या लेखनात नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक आकडा ओळीने वाचून दाखविणे. आधी कल सांगावा, मग ठळक अपवाद, शेवटी संभाव्य कारण.

२०१५ नंतर निर्वासित तरुण मोठ्या संख्येने आले, तेव्हा अनेकांची कागदपत्रे हरवली होती. राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने डिसेंबर २०१५ मध्ये त्यासाठी तीन टप्प्यांची पद्धत ठरविली: निवासाचा दर्जा तपासणे, सांगितलेला शैक्षणिक प्रवास पटण्याजोगा आहे का हे पडताळणे आणि मग परीक्षा किंवा मूल्यमापन. कागद नाहीत एवढ्याच कारणाने कोणाची वाट बंद होऊ नये, हे तत्त्व यात मान्य झाले आणि ते मोलाचे आहे. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेच्या ‘इंटेग्रा’ कार्यक्रमातून भाषावर्ग व कोलेगमधील जागांना पैसा मिळाला.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याचा संबंध बारावीनंतर येतो. बारावीच्या आधारावर सहसा थेट प्रवेश मिळत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असल्यास तांत्रिक विषयांना, किंवा मान्यताप्राप्त पदवीचे एक वर्ष पूर्ण केल्यास त्याच विषयाला थेट वाट मिळू शकते, इतरांसाठी कोलेग. बारावीची शाखाही वर्ग ठरविते, त्यामुळे वाणिज्य घेऊन टी-वर्ग मिळेल अशी आशा धरू नये. नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसाआधी शैक्षणिक कागदपत्रे तपासणाऱ्या दिल्लीतील ‘एपीएस’ कार्यालयाचे प्रमाणपत्र लागते. खर्चाची तरतूद दाखविण्यासाठीच्या बंद खात्याची (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे.

बारावीच्या गुणांचे जर्मन श्रेणीत रूपांतर ‘बव्हेरियन सूत्रा’ने करतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करावेत, त्याला कमाल व उत्तीर्णतेच्या गुणांतील फरकाने भागावे, तीनने गुणून एक मिळवावा. कमाल १००, उत्तीर्णता ३५ धरल्यास ८० टक्क्यांचे १.९ होतात; १ सर्वोत्तम, ४ काठावर. पुढे विद्यापीठप्रवेशासाठी बहुधा ही श्रेणी आणि कोलेगच्या परीक्षेची श्रेणी यांची सरासरी धरतात, म्हणून बारावीत कमी पडलेल्यांना येथे भरपाईची संधी असते.

सरकारी कोलेगे बहुतांशी शिक्षणशुल्क घेत नाहीत, सत्राचे किरकोळ शुल्क तेवढे असते. खासगी कोलेगांचे शुल्क बरेच असते आणि त्यांपैकी काहींचे विद्यार्थी अंतिम परीक्षा सरकारी केंद्रावर बाहेरून देतात. ती परीक्षा कोठे होणार आणि कोणत्या राज्यात ग्राह्य धरली जाणार, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.