मुक्त मराठी ई-पुस्तके

स्वामित्वहक्काची मुदत संपलेली किंवा हक्कधारकाने स्वतःहून खुली केलेली, आंतरजालावर विनामूल्य मिळणारी मराठी पुस्तके. बोलताना ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. पण व्हॉट्सॲपवर फिरणारी हयात लेखकाच्या कादंबरीची पीडीएफ फुकट असते, मुक्त नसते.

पुस्तक मुक्त कधी होते, याचा हिशेब सोपा आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून ६० वर्षे मोजायची. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांचे झाले. १९५७ च्या मूळ कायद्यात ही मुदत ५० वर्षांचीच होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली वारले, त्यामुळे त्यांचे हक्क १९९१ अखेर संपणार होते. ते टिकावेत म्हणून मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली आणि बंगालमधल्या या प्रश्नापायी मराठी वाचकालाही साने गुरुजींसाठी दहा वर्षे जास्त थांबावे लागले. हरिभाऊ आपटे, केशवसुत, गडकरी, बालकवी मात्र या वाढीच्या कितीतरी आधीच मोकळे झाले होते. अनुवादकाचा आणि संपादकाचा हक्क वेगळा मोजतात. ज्ञानेश्वरीच्या ओव्या कोणाच्याच मालकीच्या नाहीत, पण अलीकडच्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा त्या संपादकाच्या असतात.

पुस्तके संगणकावर आणून सर्वांना वाटण्याची सुरुवात मायकेल हार्ट याने १९७१ साली इलिनॉय विद्यापीठात अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकून केली. मराठीत टंकण्याऐवजी छायाचित्रे काढण्याची वाट जास्त रुळली. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ प्रकल्पात देशभरच्या ग्रंथालयांतली पुस्तके पानापानाने स्कॅन झाली. त्यांतली पुष्कळशी आज इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. ती शोधणे हे मात्र एक कसबच आहे. नावे रोमन लिपीत आणि नोंद करणाऱ्याच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली असतात, म्हणून एकच नाव तीन-चार तऱ्हांनी टंकून पाहावे लागते. मिळालेल्या प्रतीत एखादे पान गायब, एखादे दोनदा, तर एखाद्यावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. तरीही जे पुस्तक गावच्या वाचनालयात केव्हाच वाळवीच्या तोंडी गेले, ते इथे सापडते, हे विसरता येत नाही.

हक्कधारकांनी खुल्या केलेल्या पुस्तकांत महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची प्रकाशने आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके येतात. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर वाचता येतो. केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंडही यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर नीट उमटणाऱ्या अक्षरांत, आणले आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने नव्या-जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ वाचकांना विनामूल्य देते. जुने पुस्तक वाचताना शब्द अडला, तर मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे.

खरी अडचण पुस्तक मिळाल्यावर सुरू होते. स्कॅन म्हणजे पानाचे चित्र. मोबाइलवर ते दोन बोटांनी मोठे करायचे, ओळीच्या शेवटापर्यंत सरकवायचे आणि पुढच्या ओळीसाठी परत मागे आणायचे. त्यात शब्द शोधता येत नाही. अंध वाचकाला ते वाचून दाखवणेही यंत्राला जमत नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी संगणकावर जुळवलेल्या पुस्तकांची गत थोडी वेगळी आहे. पान स्वच्छ दिसते, पण त्यातली ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला हाती येतो.

चित्राचा मजकूर करण्याचे काम मराठी विकिस्रोत या विकिपीडियाच्या भावंड ग्रंथालयावर स्वयंसेवक करतात. यंत्राने ओळखलेली अक्षरे मूळ पानाशेजारी ठेवून एकजण तपासतो, मग दुसरा. पहिल्या तपासणीनंतर पानाची खूण पिवळी होते, म्हणजे पान पिवळे; दुसरीनंतर हिरवे. स्वतः तपासलेले पान स्वतःच हिरवे करता येत नाही. छापखान्यातल्या मुद्रितशोधकाचेच हे काम, फक्त पगार नाही. जुने खिळे झिजलेले, शाई फुटलेली, त्यामुळे यंत्र ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत हटकून घोळ घालते. अशा तऱ्हेने तयार झालेले पुस्तक ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपात उतरवून घेता येते आणि मग अक्षर हवे तेवढे मोठे केले तरी ओळ पडद्यात मावते.

तपासताना छापील मजकुराशी इमान राखायचे असते, म्हणून जुने शुद्धलेखन सुधारत नाहीत. १९६२ च्या लेखननियमांनी काढून टाकलेले अनुस्वार तिथे जागच्या जागी आहेत. शोधचौकटीत ‘काही’ लिहून काही सापडले नाही, तर ‘कांहीं’ लिहून पाहावे.