फर्लो वेगळी, पॅरोल वेगळा: येरवड्यातून घरी आलेला कैदी नक्की कशावर आलाय?

आमच्या येरवड्यात एखाद्याचा पोरगा जेलमधून चार दिवस घरी आला की गल्लीत लगेच सुरू होतं, पैसे चारले असणार, पॅरोलवर सुटलाय. आणि बऱ्याचदा तो पॅरोलवर नसतोच, फर्लोवर असतो. लोक म्हणतात काय फरक पडतो, दोन्हीकडे माणूस बाहेरच ना, पण फरक पडतो, कारण सेटिंग कुठं होऊ शकते आणि गरीब माणूस कुठं अडकतो हे या दोन्हीत सारखं नाही.

फर्लो म्हणजे संचित रजा. शिक्षा लागलेल्या माणसाने ठरलेला काळ आत काढला आणि वागणूक नीट ठेवली की तो या रजेला पात्र होतो, घरी कोण आजारी आहे, कोणाचं लग्न आहे, काही सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं बराकीत राहून माणूस घरापासून तुटू नये एवढाच हेतू. वेळेवर परत आला तर हे दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, तिला कारण लागतंच. घरात मयत, गंभीर आजारपण, लग्न असं काहीतरी, आणि हे दिवस शिक्षेत मोजत नाहीत, म्हणजे महिनाभर बाहेर राहिलास तर तो महिना नंतर आत काढायचा. दोन्हीचे मूळ नियम १९५९ चे, जुन्या मुंबई राज्याचे, म्हणून गुजरातमध्येही तेच आले आणि तिथल्याच नारायण साई (आसारामचा मुलगा) केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं की फर्लोला कारण लागत नसलं तरी ती मागितली की मिळालीच पाहिजे असा हक्क नाही.

पुणेकरांना हे संजय दत्तवरून पटकन कळेल. डिसेंबर २०१३ मध्ये बायकोच्या आजारपणासाठी तो बाहेर आला तो पॅरोल, पुण्याच्या विभागीय आयुक्तांनी दिलेला. डिसेंबर २०१४ मध्ये १४ दिवस आला ती फर्लो. ऑगस्ट २०१५ मध्ये मुलीच्या नाकाच्या ऑपरेशनसाठी आला तो परत पॅरोल. तेव्हा नाक्यानाक्यावर लोक चिडून बोलत होते आणि सगळ्यांचा शब्द एकच, पॅरोल.

आता मुद्द्याचं. पॅरोल कारणावर चालतो आणि कारण कागदावर असतं. आईच्या आजाराचं सर्टिफिकेट कोण देतो, ते खरं आहे का, घरी जाऊन कोणी बघितलं का, इथं चलाख कैद्याला जागा मिळते. आतले जुने लोक कुठल्या कारणाला साहेब लवकर हो म्हणतात हे पाठ करून बसलेले असतात. मुंबईत २०१२ च्या एका खुनात जन्मठेप लागलेला वॉचमन २०१६ मध्ये नाशिक जेलमधून आईच्या आजारपणासाठी पॅरोलवर गेला आणि परत आलाच नाही, पार काश्मीरमध्ये सापडला २०१७ ला.

फर्लोत कारणच नाही तर खोटं कारण कुठून येणार. तिथं फाइल अडकते ती पोलिसांच्या चौकशी रिपोर्टवर आणि जामीनदारावर. आमच्या शेजारच्या मावशींचा मुलगा आत आहे, त्याचा अर्ज मी स्वतः लिहून दिलेला, रिपोर्ट काही पुढे सरकेना, मावशी धुणीभांडी सोडून रोज चकरा मारायच्या आणि एक दिवस त्यांना सरळ चहापाण्याचं विचारलं गेलं. रजा नियमात बसत होती तरी! याचा मला जास्त राग येतो, कारण खोटं सर्टिफिकेट पैसेवाला आणतो पण नियमातल्या कागदासाठी पैसे मोजायची वेळ मावशींसारख्यांवर येते.

अजून एक गोंधळ. २ ऑक्टोबर २०२३ ला ड्रग्ज केसमधला जो कैदी पुण्याच्या ससून हॉस्पिटलमधून पळाला त्यालाही लोक पॅरोलवाला म्हणतात. तो कच्चा कैदी होता, खटला चालू होता, कच्च्या कैद्याला फर्लोही नाही आणि पॅरोलही नाही, त्याला कोर्टातून जामीनच घ्यावा लागतो. तो उपचारांच्या नावाखाली १६ नंबर वॉर्डात महिनोनमहिने होता, कागदोपत्री कोठडीतच. त्या प्रकरणात पोलीस सस्पेंड झाले, म्हणजे भोक रजेच्या नियमात नव्हतंच, पहाऱ्यात आणि वॉर्डात होतं.

मावशींचा रिपोर्ट अजून यायचाय. पण आता खिडकीवर कोणी विचारलं की कशासाठी पाहिजे रजा, तर त्या घाबरत नाहीत, म्हणतात साहेब फर्लो आहे, कारण लागत नाही, रिपोर्ट कधी देताय ते सांगा.